मोहाच्या वेळी बायबलचं वचन म्हणूनही मी हरतो, माझं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की मोह आला की तुम्ही याकोब 4:7 म्हणता, ‘सैतानाला अडवा, म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल’. एकदा, दोनदा, दहादा म्हणता आणि शेवटी तेच करून बसता. मग वचनातच ताकद नाही की आपल्यात विश्वास नाही, हा तुमचा प्रश्न. मोह कसला ते तुम्ही सांगितलेलं नाही. त्याची गरजही नाही.

आधी त्या वचनाकडेच बघू या, कारण तुम्ही ते अर्धं लिहिलंय. पूर्ण वचन ‘म्हणून देवाच्या अधीन व्हा’ इथून सुरू होतं. अडवणं त्याच्यानंतर येतं. बहुतेकांना हा मागचा अर्धाच पाठ असतो, मलाही तेवढाच होता. पहिल्या अर्ध्याशिवाय दुसरा म्हणणं म्हणजे देवाला बाजूला उभं करून सैतानावर आपणच खेकसणं. तो कशाला पळेल?

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलोही नाही. हरण्याचा अनुभव मात्र भरपूर आहे, त्यावरूनच लिहितो.

माझी नोकरी फिरतीची होती. महिनाअखेरीला प्रवासभत्त्याचं बिल भरायचं. ज्या खर्चाची पावती लागत नसे, त्या रकान्यात मी थोडा वाढवून आकडा टाकायचो. फार नाही, कुणाच्या लक्षात येणार नाही इतपतच. मंडळीत मी उपासनेला पहिल्या बाकावर आणि महिन्यातून एकदा हा उद्योग. मन खायचं, म्हणून टेबलावर एक चिठ्ठी चिकटवली, फिलिप्पै 4:13, ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे.’ बिल भरताना ती चिठ्ठी नाकासमोर असायची आणि हात मात्र आपलं काम करत राहायचा. पंधरा दिवसांत ती चिठ्ठी मला दिसेनाशीच झाली. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे आपण बघतो तसं.

मग एका रात्री, आकडा टाकून झाल्यावर, काहीशा चिडूनच मी तो अध्याय उघडला आणि मागची दोन वचनं वाचली. तिथे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतोय की ज्या स्थितीत मी आहे तिच्यात तृप्त राहायला मी शिकलो आहे. पोट भरलेलं असणं, उपाशी असणं, विपुलता, टंचाई, या सगळ्याचं रहस्य मला कळलंय. हे तो कैदेतून लिहितोय. म्हणजे ‘मी सर्वकाही करू शकतो’ यातलं ‘सर्वकाही’ म्हणजे पराक्रम नव्हेत. कमी असताना कुढायचं नाही, हे ते ‘सर्वकाही’. मी ज्या वचनाची घोषणा करून ठेवली होती, ते माझ्या बिलाबद्दलच बोलत होतं आणि मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. मला वाटायचं माझा मोह म्हणजे लोभ. तो लोभ नव्हता, ती तक्रार होती. आदल्या वर्षी माझी बढती हुकली होती. ‘हे लोक माझं देणं लागतात, माझी काळजी कुणी घेत नाही, मीच घ्यायला हवी’, असं ते वाक्य होतं. आकडा वाढवणं हे नुसतं त्या वाक्याखालचं गणित. मला वाटतं प्रत्येक मोहाच्या पोटात असं एक खोटं वाक्य असतं आणि वचनाने उत्तर द्यायचं असतं ते त्या वाक्याला. तुम्ही वासनेशी, रागाशी किंवा बाटलीशी झगडत असाल, तरी त्या क्षणाच्या जरा आधी मनात काय चाललेलं असतं ते पकडा. ‘मी एकटा आहे.’ ‘माझा अपमान झाला.’ ‘आज इतकं राबलो, एवढा तर माझा हक्क आहे.’ असं काहीतरी सापडेल.

आता मत्तय 4 काढून बसा, कारण या विषयावर याहून चांगली जागा मला माहीत नाही. त्याच्या आदल्याच अध्यायात येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली आहे, ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे.’ लगेच पुढच्या अध्यायात 40 दिवसांच्या उपवासानंतर सैतानाचे पहिले शब्द कोणते? ‘तू देवाचा पुत्र आहेस तर.’ भाकरी हे वरवरचं निमित्त. भूक लागणं पाप नाही, भाकरी खाणं तर नाहीच. डिवचणं आहे ते नुकत्याच ऐकलेल्या वाणीला: बापाचा लाडका आहेस म्हणतोस, मग असा उपाशी कसा? स्वतःची सोय स्वतः कर. माझ्या बिलामागचंही वाक्य हेच होतं, हे कळलं तेव्हा मला जरा शरमच वाटली.

प्रभू येशूने तिन्ही वेळा ‘असा शास्त्रलेख आहे’ म्हणून उत्तर दिलं, हे सगळे सांगतात. पण ती तिन्ही उत्तरं कुठून घेतलीत ते पाहा. अनुवाद 8:3, अनुवाद 6:16, अनुवाद 6:13. ‘अनुवाद’ नावाच्या जुन्या करारातल्या एकाच पुस्तकातले अगदी जवळजवळचे अध्याय. आणि ते अध्याय कशाबद्दल आहेत? 40 वर्षं रानात फिरलेल्या इस्राएल लोकांबद्दल, जे भुकेच्या वेळी कुरकुरले, मस्सा इथे पाण्यासाठी ‘परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही’ म्हणून त्याची परीक्षा पाहू लागले. देवाने तुला लीन करावं आणि तुझ्या मनात काय आहे ते पाहावं म्हणून हे घडलं, असं 8:2 सांगतं. त्यांची 40 वर्षं, याचे 40 दिवस. तेही रान, हेही रान. ते जिथे पडले तिथे हा उभा राहतो. ‘मनुष्य केवळ भाकरीने नव्हे’ हे वाक्य मुळात मान्नाच्या, म्हणजे रानात देवाने दिलेल्या अन्नाच्या गोष्टीतलं आहे. रोजचा रोज मिळणारा मान्ना, जो उद्यासाठी साठवून ठेवला की त्यात किडे पडायचे. म्हणजे येशूने ऐन वेळी एखादं सुभाषित फेकलं नाही. आपण कुठल्या गोष्टीत उभे आहोत हे त्याला ठाऊक होतं आणि ती गोष्ट त्याच्या आत आधीपासून मुरलेली होती. मंत्र म्हणणं आणि हे, यात हाच फरक आहे.

नुसतं वचन म्हणून भागत असतं तर दुसऱ्या मोहात गोंधळच झाला असता, कारण तिथे येशूला मंदिरावरून उडी मारायला सांगताना सैतानही ‘असा शास्त्रलेख आहे’ म्हणतो! स्तोत्र 91 त्याला पाठ आहे. पण ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण करण्याची’ यातले ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द तो गाळतो आणि त्याच्या पुढच्याच वचनात सर्प पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, तिथे पोचायच्या आत थांबतो. (थांबणारच.) एदेन बागेतही हेच झालं होतं. सर्प देवाच्या शब्दाला पीळ घालतो आणि हव्वा उत्तर देताना ‘स्पर्शही करू नका’ हे पदरचं जोडते, जे देवाने उत्पत्ती 2:17 मध्ये म्हटलेलं नाही. अर्धवट पाठ असलेलं वचन घेऊन वाद घालायला जाऊ नये. माझी फिलिप्पैकरांची चिठ्ठी आठवा.

मग करायचं काय? मी जे केलं ते सांगतो. माझं खोटं वाक्य मी कागदावर जसंच्या तसं लिहिलं. ‘माझी काळजी कुणी घेत नाही.’ त्याला सरळ उत्तर देणारं वचन शोधायला आठवडा गेला. सापडलं ते इब्री 13:5. जवळ आहे तेवढ्यात तृप्त असा, आणि त्याचं कारण पुढेच, ‘मी तुला सोडून जाणार नाही व तुला टाकणार नाही.’ बघा, ‘लोभ करू नकोस’ एवढ्यावर ते थांबत नाही. लोभाच्या मुळाशी जी भीती आहे तिच्याशी बोलतं. हा शोध माझा नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात इव्हाग्रिअस नावाचा एक संन्यासी होता. त्याने 8 दुष्ट विचार धरून, त्यांतल्या एकेका रूपाला तोंडावर द्यायचं उत्तर म्हणून जवळजवळ 500 वचनं मांडून ठेवली. द्रव्यलोभाबद्दल तो म्हणतो की हा विचार लांबलेलं म्हातारपण, काम न होणारे हात, दुष्काळ, आजारपण यांची चित्रं दाखवत येतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने माझं मन वाचलं होतं असं वाटलं.

वचन पाठ करण्याबद्दल एक. स्तोत्र 1 मध्ये रात्रंदिवस ‘मनन’ करणाऱ्याबद्दल जो मूळ हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ डोळे मिटून विचार करणं नव्हे, तर पुटपुटणं, गुणगुणणं. यशया 31:4 मध्ये शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द आलाय. म्हणून मी पाठांतर तोंडाने करतो, चालताना, भांडी घासताना. आणि मोह नसतानाच करतो, हे महत्त्वाचं. स्तोत्र 119:11 मध्ये ‘तुझे वचन मी आपल्या मनात जपून ठेवले आहे’ असं म्हटलंय. जपून ठेवायचं काम आधीचं असतं. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली की काय होतं ते तुम्ही रोज अनुभवताय.

आणि कृपा करून, जिथून पळायचं तिथून पळा. योसेफाजवळ ना नियमशास्त्र होतं ना स्तोत्रसंहिता. मालकाची बायको मागे लागली तेव्हा ‘मी देवाच्या विरुद्ध पाप कसे करू’ असं म्हणून तो रोज नकार देत राहिला आणि शेवटी प्रसंग आला तेव्हा अंगावरचं वस्त्र तिच्या हातात टाकून बाहेर धावला. 386 साली मिलानच्या बागेत, वासनेशी झगडताना, पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनने जे वचन उघडलं ते रोम 13:13-14. त्याच्या शेवटी काय आहे? देहवासनांसाठी तरतूद करू नका. तरतूद हा शब्द मला फार आवडतो, कारण आपण मोहाला बळी पडतो असं म्हणतो खरं, पण त्याची तरतूद दुपारीच करून ठेवलेली असते. मी पावती नसलेला खर्च रोजच्या रोज वहीत टिपायला लागलो, महिनाअखेरीला ‘आठवून’ लिहायला जागाच ठेवली नाही. तुमची तरतूद कुठे होते ते तुम्हालाच माहीत. फोन उशाशी असेल तर तो दुसऱ्या खोलीत ठेवून मग वचन म्हणा. व्यसन असेल तर डॉक्टरकडे जा, तसं जाणं म्हणजे अविश्वास नव्हे. आणि याकोब 5:16 सांगतं तसं, एका तरी भरवशाच्या माणसाजवळ बोला. मी माझ्या पत्नीला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, जास्तीचं घेतलेलं परत कसं करायचं ते आधी बघू. ते प्रकरण पार पडायला चार महिने लागले आणि वरिष्ठांसमोर बसून जे सांगावं लागलं ते अजून आठवलं की कान गरम होतात.

पडल्यानंतरचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की हरल्यावर काही दिवस तुम्ही बायबलला हातच लावत नाही. माझ्या मते खरा घाव तिथे बसतो. आधी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणणारा आवाजच नंतर ‘आता कुठल्या तोंडाने जाणार’ म्हणतो. त्याही वाक्याला उत्तर पाठ हवं. मी इब्री 4:15-16 ठेवलंय: सर्व प्रकारे पारखलेला, पण निष्पाप राहिलेला असा आपला महायाजक आहे, म्हणून धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. ‘ऐन वेळी’ साहाय्य मिळावं म्हणून, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पेत्राला तर येशूने आधीच सांगून ठेवलं होतं की तू नाकारशील, आणि त्याच दमात, मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. लूक 22:32. ‘वळलास म्हणजे’, ‘वळलास तर’ नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की असं किती दिवस चालणार. लूक 4:13 मध्ये सैतान येशूला सोडून जातो तो ‘संधी मिळेपर्यंत’. त्याच्या बाबतीत असं, तर तुमच्या-माझ्या बाबतीत काय सांगू? मी आता फिरतीवर नाही, बिलं भरत नाही, तरी परवाच आयकराचं विवरण भरताना एका रकान्याशी येऊन हात थांबला आणि ते जुनं वाक्य अगदी ओळखीच्या सुरात ऐकू आलं. इब्री 13:5 मोठ्याने म्हणावं लागलं. मुलगी शेजारच्या खोलीतून म्हणाली, बाबा, कुणाशी बोलताय?