माजी सैनिकाचं कुटुंब गाडीत राहतंय. खाण्यापलीकडे काय मदत करता येईल?

तुम्ही लिहिलंय की सॅन अँटोनिओत तुमच्या ऑफिसजवळच्या पार्किंगमध्ये एक माजी सैनिक बायको आणि शाळकरी मुलीसह गाडीत राहतोय. तुम्ही दोनदा जेवण नेऊन दिलंत, आता पुढे काय करावं ते विचारताय. मी ह्यूस्टनला असतो आणि काही वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी हेच काम करतो.

आधी एक फोन करायचा: ८७७-४२४-३८३८. बेघर माजी सैनिकांसाठी अमेरिकी सरकारने चालवलेला हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. मात्र नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, त्याच्या शेजारी बसून तुमच्या फोनवरून लावा. मी सुरुवातीला चिठ्ठ्याच देत होतो, त्या गाडीच्या खणात पडून राहायच्या. फोन चार्ज नसतो, पैसे संपलेले असतात, आणि बहुतेकांनी कुठे ना कुठे एकदा नकार ऐकलेला असतो. इराकला जाऊन आलेल्या एकाबरोबर मी असाच फुटपाथच्या कडेला बसलो होतो. पलीकडून नुसतं संगीत वाजत होतं आणि तो दोनदा म्हणाला, ‘राहू दे, कट कर.’ शेवटी बायकोने फोन स्वतःकडे घेतला. पलटण, भरतीचं वर्ष, सुटल्याची तारीख, सगळं तिला तोंडपाठ होतं. म्हणून सांगतो, बोलताना बायकोलाही बरोबर घ्या.

तो कदाचित म्हणेल, ‘माझा डिस्चार्ज (सैन्यातून सुटताना मिळालेला शेरा) चांगला नाही, मला काही मिळणार नाही.’ हा गैरसमज फार लोकांना रस्त्यावर ठेवतो. ‘डिसऑनरेबल’ म्हणजे अप्रतिष्ठेचा शेरा किंवा जनरल कोर्ट मार्शलची, म्हणजे वरच्या लष्करी न्यायालयाची, शिक्षा नसेल, तर घरासाठीच्या मदतीचं दार साधारणपणे उघडं असतं. वैद्यकीय सेवेचे नियम वेगळे आहेत, दोन्हींची गल्लत करू नका.

अशा कुटुंबासाठी मुख्य योजना एसएसव्हीएफ, म्हणजे माजी सैनिकांच्या कुटुंबांना घर मिळवून द्यायची आणि टिकवायची सरकारी मदत. ती स्थानिक संस्थांमार्फत चालते आणि बायकोमुलांसकट पूर्ण घराला धरते: डिपॉझिट, काही महिन्यांचं भाडं, थकलेलं वीजबिल. घर अजून सुटलेलं नाही पण सुटायच्या बेतात आहे, अशांनाही ती मिळू शकते. आजार, व्यसन किंवा युद्धाच्या आघातामुळे ज्याला जास्त काळ आधार लागणार, त्याच्यासाठी हड-व्हॅश, ही माजी सैनिकांसाठी भाड्याचं सरकारी व्हाउचर देणारी योजना. त्यात कुटुंब उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं भरतं, बाकीचं व्हाउचरमधून जातं, आणि एक केस मॅनेजर पाठीशी राहतो. व्हाउचर हातात असूनही घरमालक नाही म्हणतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तेव्हा शोधाशोधीला तुम्ही बरोबर असलात तर फरक पडतो.

कागदांत डीडी-२१४ सगळ्यात महत्त्वाचा, तो सैन्यातून सुटल्याचा दाखला. हरवला असेल तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून पुन्हा मिळतो, पैसे लागत नाहीत. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि कागद येईपर्यंत थांबूही नका, संस्थांना नोंद ऑनलाइन पडताळता येते.

मुलीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आईबाप इथेच गप्प होतात. पोर गाडीत झोपते असं सांगितलं तर तिला आपल्यापासून काढून घेतील, ही भीती त्यांच्या मनात घट्ट बसलेली असते. त्यांना सांगा की १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार गाडीत राहणारं मूलही आपल्या जुन्याच शाळेत शिकत राहू शकतं. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून शाळा त्याला नाकारू शकत नाही, आणि ने-आणीची सोयही मागता येते. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेत) यासाठी एक माणूस नेमलेला असतो. शाळेच्या ऑफिसात त्याची चौकशी करा.

हे सगळं पाण्यात जातं असं तुम्हाला कुणी म्हणेल. २०१० च्या जानेवारीतल्या मोजणीत देशभर सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर होते, २०२४ मध्ये ३२,८८२. आमच्या ह्यूस्टनने २०१५ पर्यंतच्या तीनेक वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त जणांना घरं दिली. आधी व्यसन सोड, नोकरी शोध, अशा अटी न घालता आधी घर दिलं आणि बाकीचं त्यानंतर हाती घेतलं. मला हेच बरोबर वाटतं. रात्री झोपायला जागा नसलेल्या माणसाने सकाळी मुलाखतीला जायचं कसं?

तो कधी जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलला, तर लगेच ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन लावून १ दाबा, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या माणसांशी बोलता येतं.

घराची किल्ली मिळते त्या दिवशी घर रिकामं असतं. मी पाहिलंय, अशाच एका कुटुंबातले तिघंही पहिल्या रात्री गाडीतल्याच चादरी अंथरून जमिनीवर झोपले होते आणि मुलीचं दप्तर उशाला होतं. तेव्हा आत्ताच तुमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारून ठेवा: कोण घर बदलतंय, कुणाकडे चांगली गादी, दोन पातेली, जेवणाचं टेबल पडून आहे. आणि ते उचलून न्यायला कुणाचा ट्रक मिळेल, तेही.