प्रश्न तुमचे : थंडीच्या आधी गिझर, सोलर आणि बंब

बेळगाव-खानापूर पट्ट्यात थंडीने पाईप गोठून फुटत नाहीत. इथे गिझर नि सोलर बिघडतात ते क्षारांमुळे, आणि जिवावर बेतते ते बंद खिडक्यांमुळे. म्हणून दुरुस्तीची कामे दिवाळीच्या आधी उरकावीत; थंडी पडल्यावर प्लंबर आणि वायरमन दोघेही हाती लागत नाहीत. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचा २५ लिटरचा गिझर पाच वर्षांचा आहे, पाणी बोअरचे. हल्ली पंधरा मिनिटांतच दिवा विझतो, पण पाणी कोमट. आतून खडखड आवाज येतो आणि खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. नवा घ्यावा का? (एक वाचक, अथणी)

उत्तर : इतक्यात नको, आधी खोलून बघा. कॉइलवर क्षारांचे पापुद्रे चढले आहेत. त्यामुळे कॉइल प्रमाणाबाहेर तापते, शेजारचा थर्मोस्टॅट त्या उष्णतेला फसतो आणि टाकीतले पाणी कोमट असतानाच वीज तोडतो. पापुद्र्यांखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, त्याचाच तो आवाज. २००० वॉटची कॉइल धड असेल तर २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ३५ मिनिटे लागतात आणि सव्वा युनिटच्या आत वीज जाते. याच्या अर्ध्या वेळात दिवा विझत असेल तर दोष कॉइलपाशीच शोधावा.

खोलण्याआधी एमसीबी (मीटरपेटीतला वीज तोडणारा खटका) पाडा. नुसते बटण बंद करून भागत नाही. येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा आणि टाकी रिकामी करा. थर्मोस्टॅट काढून कॉइल बसवलेल्या चकतीचे नट सैल केले की कॉइल बाहेर येते. लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात लिंबूसत्व प्लास्टिकच्या बादलीत कोमट पाण्यात विरघळवा आणि कॉइल तीन-चार तास बुडवून ठेवा. वायर जोडायची टोके पाण्याबाहेर राहिली पाहिजेत. उरलेले क्षार लाकडी काडीने काढा. सुरीने खरवडले की तांब्याच्या आवरणाला चरे पडतात आणि पुढे करंट टाकीत उतरतो. संडास धुण्याचे अ‍ॅसिड तर अजिबात वापरू नका. टाकीच्या तळाशी साचलेला चुरा हाताने काढून टाका.

कॉइलच्या शेजारीच मॅग्नेशियमचा दांडा असतो. टाकीऐवजी तो झिजावा, एवढ्यासाठीच तो बसवलेला असतो. आतली तार दिसू लागली असेल किंवा दांडा अर्ध्याहून बारीक झाला असेल तर बदला. बोअरच्या पाण्याला ही तपासणी दरवर्षी हवी. पाच वर्षे तो कुणी पाहिलाच नसेल, तर टाकी गंजायला सुरुवात झालेली असू शकते. टाकीलाच गळती असेल तरच नवा गिझर घ्या.

मल्टिमीटर (वीजरोध मोजायचे उपकरण) असेल तर कॉइल मोजून घ्या. २००० वॉटला साधारण २६ ओहम दाखवायला हवेत. टोक आणि आवरण यांच्यामध्ये काहीही दाखवले तर कॉइल बाद. जोडताना रबरी गॅस्केट नवे घाला. नळातून हवेचे फुसफुसणे थांबून सलग धार लागेपर्यंत बटण लावू नका, कोरडी कॉइल काही क्षणांत जळते. यापुढे थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर ठेवू नका. त्याच्या पुढे क्षार झपाट्याने बसतात.

ठिबकण्याची भीती नको. २५ लिटर पाणी एवढे तापले की सुमारे पावणेचारशे मिली फुगते आणि ते व्हॉल्व्हमधूनच बाहेर येते. गिझर थंड असतानाही ठिबकत असेल तर आत कचरा अडकला आहे. व्हॉल्व्हवरची छोटी दांडी दोन-तीनदा उचलून तो धुऊन काढा, तरी थांबले नाही तर व्हॉल्व्ह बदला. तो बूच मारून बंद करणे मात्र धोक्याचे आहे, टाकी फुटू शकते.

प्रश्न : सोलर उन्हाळ्यात उत्तम चालतो, डिसेंबरात मात्र दोन बादल्यांनंतर थंड पाणी. नळ्या फुटलेल्या नाहीत. (वाचक भगिनी, खानापूर)

उत्तर : आधी सावली पाहा. आपल्याकडे जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावर किंचित उत्तरेला असतो, डिसेंबरात तो दक्षिणेला कलून ५१ अंशांवर येतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या १० फुटी टाकीची किंवा भिंतीची सावली भर दुपारीही आठ फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. उन्हाळ्यात ती जाणवतच नाही. पावसाळ्यानंतर गच्चीवर नवी टाकी किंवा पत्र्याची शेड झाली असेल तर कारण तेच.

सावली नसेल तर नळ्यांवरची शेवाळ-धूळ फडक्याने पुसा, तीही पहाटे. उन्हात तापलेल्या नळीवर थंड पाणी पडले की ती तडकते. रिकामा सोलर भरायचा तोही पहाटे किंवा सूर्य मावळल्यावरच.

तिसरे कारण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही : मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पुढचा शॉवर बंद केला, तर जास्त दाबाचे थंड पाणी सोलरच्या टाकीत शिरते. गरम पाण्याच्या लाइनवर मिक्सरच्या आधी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवा. टाकीवरचा हवेचा पाईप मात्र कधीच बंद करू नका.

प्रश्न : गिझर वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघर खाली. गरम पाणी येईपर्यंत बरेच वाया जाते. पाईपला फोम गुंडाळू का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : पहिल्या धारेला फोमचा उपयोग नाही, रात्रभरात पाणी निवतेच. पाऊण इंची सीपीव्हीसी पाईपात (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाईपात) मीटरला पाव लिटर पाणी मावते. १६ मीटर लांबी असेल तर चार लिटर जातात. अर्ध्या इंचाच्या पाईपने ते निम्म्यावर येईल, आणि एका सिंकला तेवढा पुरतो. गच्चीवरून जाणाऱ्या लाइनला फोम जरूर घाला, पण वरून अ‍ॅल्युमिनियम टेप लावा. नाहीतर उन्हाने त्याचा भुगा होतो.

प्रश्न : गॅस गिझर न्हाणीघरात आहे. थंडीत झरोका बंद ठेवला तर चालेल का? एग्झॉस्ट आहे. (भाडेकरू, टिळकवाडी)

उत्तर : नाही. गिझर आजच बाहेर, मोकळ्या हवेत हलवायला घरमालकाला सांगा. तोवर तो वापरू नका. बंद जागेत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. डोके दुखते, गरगरते आणि दार उघडायचे बळ उरत नाही. एग्झॉस्टवर भरवसा ठेवू नका, तो जळका वायू गिझरमधून परत खोलीतही ओढू शकतो. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत रात्री कोळशाची शेगडी ठेवणेही तितकेच घातक. त्यांना गरम पाण्याची पिशवी आणि जाड घोंगडी द्या.

प्रश्न : तांब्याचा बंब खालून झिरपतो. (वाचक, येळ्ळूर)

उत्तर : डाखाचा सांधा सुटला आहे, तांबटाकडून डाख लावून घ्या. पाणी कमी असताना जाळ घातला की डाख वितळतो, तेव्हा आधी बंब भरा, मग पेटवा. राख रोज काढा; ओली राख तळ खाते.