काळे केस फिके करताना नारिंगी का दिसतात?

प्रश्न : माझे केस मुळात काळेभोर आहेत. राखाडी छटेचा फिका तपकिरी रंग हवा म्हणून मी ते घरीच ब्लीच केले. मुळांजवळचे दोन बोटे केस पिवळे झाले, तर खालची लांबी तांब्याच्या भांड्यासारखी नारिंगी दिसते आहे. जांभळा शाम्पू चार वेळा वापरला, पण फरक पडला नाही. पुन्हा ब्लीच करावे का?

उत्तर : नाही, निदान आत्ता तरी नको. तुम्हाला हवा असलेला रंग तपकिरी आहे आणि तपकिरी रंगासाठी तुमचे केस पुरेसे फिके झालेले आहेत. जे राहिले आहे ते छटा बदलण्याचे काम, आणि त्यासाठी केसांवर पुन्हा ब्लीचचा मारा करण्याची आवश्यकता नाही.

हा नारिंगी रंग बाहेरून आलेला नसून तुमच्याच केसांतला आहे. काळ्या केसांतले मेलॅनिन, म्हणजे नैसर्गिक रंगद्रव्य, एका दमात नाहीसे होत नाही. केस आधी तांबूस तपकिरी, मग लाल, नारिंगी, पिवळसर नारिंगी, पिवळे आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिके, अशा पायऱ्यांनी ते उतरत जाते. तुमची लांबी मधल्या पायरीवर थांबली आहे. मुळे पुढे गेली, कारण टाळूच्या उष्णतेने तिथे ब्लीच जलद चालते. म्हणूनच जाणकार मंडळी आधी लांबीला लावतात आणि मुळांना सर्वांत शेवटी हात घालतात.

जांभळ्या शाम्पूचा दोष नाही, तो चुकीच्या रंगावर वापरला गेला. रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग एकमेकांना मारतात : जांभळा पिवळ्याला, निळा नारिंगीला आणि हिरवा लालला. तुमच्या लांबीला निळ्याची गरज आहे. मात्र निळ्या शाम्पूने छटा थोडीशीच निवते; एवढ्या गडद नारिंगीसाठी निळ्या पायाचा राखाडी, म्हणजेच अ‍ॅश तपकिरी टोनर किंवा अमोनियाविरहित, सौम्य रंग घ्यावा. टोनर केस फिके करत नाही, तो फक्त छटा झाकतो, त्यामुळे त्याची छटा तुमच्या आताच्या केसांइतकी किंवा किंचित गडद असावी. अनेक कंपन्यांच्या खोक्यांवर 6.1 किंवा 7.1 असे लिहिलेले असते. त्यात बिंदूच्या आधीचा आकडा गडदपणाची पातळी सांगतो आणि नंतरचा 1 अ‍ॅश छटा दाखवतो. पाकिटावर सांगितले असेल तोच डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचे पेरॉक्साइडचे द्रव, वापरावा. सहसा तो 3 टक्के, म्हणजे 10 व्हॉल्यूमचा किंवा त्याहूनही सौम्य असतो.

येथे एक खड्डा आहे. तोच निळा टोनर पिवळ्या मुळांवर लागला, तर ती हिरवट दिसू लागतील, कारण पिवळ्यात निळा मिसळला की दुसरे काय होणार? म्हणून मुळांसाठी त्याच पातळीची, पण अ‍ॅशऐवजी ‘नॅचरल’ छटा घ्यावी आणि दोन्ही मिश्रणे वेगवेगळ्या प्लास्टिकच्या वाटीत कालवावीत. कानामागची एक पातळ बट आधी रंगवून, धुऊन, पूर्ण वाळवून उजेडात पाहावी. ओल्या केसांत छटा नेहमी गडद वाटते आणि तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. थोडे मिश्रण कानामागच्या त्वचेला लावून 48 तास वाट पाहणेही टाळू नये. खाज किंवा सूज आली, तर तो रंग वापरूच नये.

त्याआधी केसांचा दम तपासा. ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणावा. तो थोडा लांबून परत आला तर ठीक. च्युइंगगमसारखा लांबतच गेला किंवा तटकन तुटला, तर टोनरही काही आठवडे पुढे ढकला.

काही आठवड्यांनी टोनर उतरू लागला की नारिंगी पुन्हा डोके वर काढील. तेव्हा आठवड्यातून एकदा निळा शाम्पू तीन ते पाच मिनिटे ठेवावा, तोही फक्त लांबीला. बोअरच्या जड पाण्यातील लोह आणि तांबे हेदेखील छटा बिघडवतात. लिंबू आणि खाण्याच्या सोड्याचे उपाय मात्र माझ्या मते सोडून द्यावेत : सोड्याने नारिंगी जात नाही, केस मात्र खरखरीत होतात.

प्रश्न : मी दोन वर्षे केसांना मेंदी लावत आले आहे. आता ब्लीच करता येईल का?

उत्तर : ती मेंदी कसली होती, यावर ते अवलंबून आहे. निव्वळ पानांची असेल, तर केस उजळतात, पण नारिंगी हट्टाने टिकते. ‘काळी’ किंवा तयार मिश्रणाच्या मेंदीत धातूंचे क्षार असू शकतात आणि ब्लीचच्या मिश्रणातले पेरॉक्साइड लागताच ते तापून केस जळू शकतात. कंगव्यात निघालेले थोडे केस काचेच्या वाटीत ब्लीचच्या मिश्रणात बुडवून अर्धा तास पाहा. वाटी गरम झाली, फेस आला किंवा केस विरघळू लागले, तर मेंदीचा भाग वाढून कापला जाईपर्यंत ब्लीचला हात लावू नका.