सरावात मस्त पळतो, स्पर्धेच्या दिवशी मात्र पोराचे पाय गळतात. कॉन्फिडन्स कसा आणायचा?

ताई, तुमचा मुलगा 800 मीटरला सरावात चांगलं टायमिंग देतो आणि स्पर्धेला लाईनवर उभा राहिला की ढेपाळतो असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला माझीच पहिली जिल्हास्पर्धा आठवली. आम्ही अमळनेरकडचे. पहाटेच्या एसटीने जळगावला पोहोचलो तर ग्राउंडवर फक्की मारणं चालू होतं आणि बाजूला स्पाइक, ट्रॅकसूटवाली पोरं वॉर्मअप करत होती, माझ्या पायात कॅनव्हासचे बूट. तीनदा लघवीला जाऊन आलो. भीतीपोटी पहिला राउंड 61 सेकंदात मारला अन् दुसऱ्यात फक्त चालायचं बाकी राहिलं होतं, 2:24 लागले.

आणि "तू वाघ आहेस, तू करशीलच" हे घरादाराने सांगितलेलं बरं का! पण मी वाघबिघ नाही हे मला ठाऊक होतं ना.

मग सरांनी एक शंभरपानी वही दिली. दर शनिवारी 400 चे चार राउंड, मध्ये तीन मिनिटं आराम, आणि प्रत्येक राउंडची वेळ मीच माझ्या हाताने लिहायची, वाईट आली तरी लिहायची. पुढच्या वर्षी एसटीत ती वही उघडून बसलो, शेवटच्या पानावर 66, 66, 65, 67. ग्राउंडवर स्पाइकवाले तसेच होते, छातीही तशीच धडधडत होती, पण "मी जिंकेन" असं काही डोक्यात नव्हतं, 65-66 चा राउंड आपल्याला येतो एवढंच होतं. 65 अन् 66, एकूण 2:11. चौथा आलो, मेडल नाहीच मिळालं, पण जेवढं येत होतं तेवढं पळून आलो.

पुढे बीपीएडला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) असताना कळलं की अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने हे 1977 सालीच मांडलंय. "मला हे जमेल" हा विश्वास एखाद्या ठरावीक कामाबद्दलचा असतो आणि तो चार गोष्टींतून येतो: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्याला करताना पाहिलेलं, दुसऱ्याने सांगितलेलं आणि शरीराला त्यावेळी काय जाणवतंय ते. पहिलं सगळ्यात पक्कं. आपण घरचे मात्र तिसऱ्याचाच मारा करतो.

दुसऱ्यात "आपल्यासारखा" हा शब्द महत्त्वाचा. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेने 50 मीटर रायफलला कांस्य घेतलं, तेव्हा आमच्या पोरांना रायफलपेक्षा तो रेल्वेत टीसी होता याचंच जास्त कौतुक. तरी खरं सांगू का, भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा गल्लीतली एखादी पोरगी राज्याला जाऊन आली की पोरं लवकर पेटतात. तुमच्या मुलाला अशा कुणासोबत आठवड्यातून एकदा पळू द्या.

धडधडीचं म्हणाल तर ती मेडलवाल्यालाही होते, शरीर पळायची तयारी करतंय एवढाच तिचा अर्थ, हे त्याला आधीच सांगून ठेवा नाहीतर पोरगं समजतं आपण घाबरलो, संपलं. आमचे सर लाईनवर जाताना एवढंच म्हणायचे, "तू पय, मी देखस." म्हणजे तू पळ, मी बघतो. बास.

वही आजच आणा, स्पर्धा चार दिवसांवर असेल तर मात्र तिचा फार उपयोग नाही, दोन-तीन महिने लागतात. आणि आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी अन् सकाळी नवे कोरे बूट, हे दोन्ही लाड नकोत. माझ्या धाकट्या भावाचं दोन्ही झालं होतं, बिचारा टाचेला फोड घेऊन घरी आला, पोटाचं तर विचारूच नका.