बोल्झानोला येताय? घराआधी भाषेचं ठरवा

ताई, तुमचा प्रश्न असा: यजमानांना मिलान आणि बोल्झानो अशा दोन्हीकडून संशोधनाची नोकरी आहे, मुलगी पहिलीत जाईल, तुम्ही स्वतः अकाउंट्समधल्या. पुणं सोडून आल्प्समधल्या या छोट्या शहरात यावं का, आणि जर्मन शिकावं की इटालियन?

माझं उत्तर: नक्की या. मला हे शहर मनापासून आवडतं. पण घर शोधण्याआधी भाषेचं ठरवा. शाळा, नोकरी, शेजार, इथे सगळं त्यावर अवलंबून असतं.

बोल्झानो ही उत्तर इटलीतल्या दक्षिण तिरोल प्रांताची राजधानी. हा प्रांत पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता. इटलीत आल्यावर मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली. १९३९ साली जर्मन बोलणाऱ्यांना सांगण्यात आलं की जर्मनीत जा, नाहीतर इटालियन होऊन राहा. आज दिसणारा समतोल मुख्यतः १९७२च्या स्वायत्तता कायद्यामुळे आला. करांचा सुमारे नऊ दशांश वाटा प्रांतातच राहतो आणि तो बसगाड्यांपासून दवाखान्यांपर्यंत सगळीकडे दिसतो.

प्रांतात दहांपैकी जवळपास सात जण जर्मन बोलतात. बोल्झानो शहरात मात्र तीन चतुर्थांश लोक इटालियन भाषक आहेत. शहरात भाजी घ्यायला इटालियन पुरते, पण वरच्या गावांत गेलात की जर्मनची तिरोली बोली कानावर येते आणि पुस्तकी जर्मन शिकलेल्यालाही ती पचायला वेळ लागतो. गार्देना आणि बादिया खोऱ्यांत तिसरी भाषा आहे, लादिन. ती बोलणारे जेमतेम चार-साडेचार टक्के, तरी ती तिथल्या शाळांत शिकवली जाते. मला या प्रदेशाची सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

आता मुलीच्या शाळेबद्दल. इथल्या सरकारी शाळा दुभाषी नसतात. जर्मन शाळा वेगळी, इटालियन वेगळी, आणि दुसरी भाषा फक्त विषय म्हणून. शिक्षकाची मातृभाषाही शाळेचीच असावी, असं कायदाच सांगतो. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हा आग्रह समजावून सांगावा लागणार नाही. शाळा निवडायचा अधिकार आईवडिलांना असतो. माझा सल्ला जर्मन शाळेचा आहे. शहरात इटालियन मैदानावर, जिन्यात, दुकानात आपोआप येते, जर्मन तशी येत नाही. पण मग घरात कोणीतरी जर्मन शिकलंच पाहिजे, नाहीतर गृहपाठ आणि पालकसभा सगळं त्या लेकराच्या अंगावर पडतं.

म्हणून वाटून घ्या. यजमानांचं ऑफिसात इंग्रजीवर भागेल, त्यांनी जर्मन शिकावी. तुम्ही इटालियन. हिशेबाच्या कामाला ती आधी लागेल, आणि पुढे नागरिकत्वासाठी बी१, म्हणजे मध्यम पातळीची इटालियन लागतेच. सरकारी नोकरीची आशा मात्र आत्ताच धरू नका. तिथे दोन्ही भाषांची परीक्षा असते आणि जागा भाषक गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात.

बाकीचं थोडक्यात. घरभाडं महाग आहे. शहर दरीच्या तळाशी असल्याने जुलैत चांगलंच तापतं. तेव्हा वरच्या रेनॉन पठाराची केबल कार पकडायची, बारा मिनिटांत हजारभर मीटर वर. संध्याकाळी रोझेनगार्टन डोंगराचे कडे गुलाबी होतात, ते शहरातूनही दिसतं. मुलीला ओत्झी नक्की दाखवा, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा, बर्फात सापडलेला माणूस. शाकाहारी असाल तर पालकाचे आणि चीजचे कनेडेर्ली मिळतात, शिळ्या पावाचे मोठे गोळे. पण आत स्पेक, म्हणजे डुकराचं मांस, नाही ना हे दर वेळी विचारा. भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही, इथली परीक्षा नव्याने द्यावी लागते.

तुमच्या हातात अजून काही महिने असतील तर यजमानांना पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला आत्ताच घाला. इथे आल्यावर नोकरी, घर आणि कागदपत्रं सांभाळून वर्गाला वेळ काढणं फार जड जातं.