नाशिक परिसरातील जमीन, पाणी आणि रान राखण्याचे गावकऱ्यांचे ज्ञान कसे नोंदवावे?

पेठ, सुरगाणा आणि बागलाणात फिरून तेथील लोकांच्या जमीन-पाणी राखण्याच्या रीती गोळा करण्याची आपली इच्छा आहे, आणि सुरुवात कोठून करावी व ही माहिती सर्वांसाठी खुली करावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की वनस्पतींच्या याद्या करण्याआधी गावाने स्वतःवर घालून घेतलेले नियम लिहून घ्यावेत. शिवार टिकते ते त्या नियमांवर, आणि याद्यांतून नेमके तेच गळतात.

माझे आजोळ मोसमकाठचे, त्यामुळे फड पद्धतीचे उदाहरण मला जवळचे वाटते. मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांवर ही व्यवस्था काही शतके चालत आली आहे. नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने शिवारात आणायचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडायचे आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, अशी तिची रचना. ऊस किती लावायचा हे त्या साली नदीला पाणी किती आहे ते पाहून सर्वांच्या विचाराने ठरे, आणि पाणी कमी असेल तर उसाखालचे क्षेत्रच कमी केले जाई. पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात सरके, त्यामुळे जमिनीचा कसही राखला जाई. पाटकरी पाणी देई, जागल्या पीक राखी, हवालदार त्यांच्यावर देखरेख ठेवी आणि पाटातला गाळ काढायला सारे शेतकरी एकत्र येत. एखाद्या वृद्ध पाटकऱ्यांजवळ बसाल तेव्हा पाणी कसे देत, एवढेच विचारून थांबू नका. पाळी मोडून पाणी फोडणाऱ्याचे काय होई आणि ते कोण ठरवी, हेही अवश्य विचारा.

पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात हे नियम कधी स्वयंपाकात दडलेले असतात. पहिल्या पावसानंतर शेवळ या रानभाजीचे कोंब वर येतात. ते खुडताना कंद जमिनीतच राहू द्यायचा असतो. शेवळाची खाज मारण्यासाठी भाजीत काकडाची फळे घालतात, म्हणून ज्याला शेवळ खायचे त्याला रानातले काकडाचे झाडही राखावेच लागते.

सर्व काही खुले करावे, असे मला वाटत नाही. सफेद मुसळीसारख्या कंदांच्या जागा आणि वैदूंची औषधे प्रसिद्ध करू नयेत, कारण जागा कळली की विक्रीसाठी खणणारे पोहोचतात आणि ज्यांनी ते रान राखले त्यांच्या हाती काही उरत नाही. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही ठेवते. आपली नोंद प्रथम तेथे जावी. पेठ आणि सुरगाणा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथे १९९६ च्या पेसा कायद्यामुळे, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या कायद्यामुळे, ग्रामसभेच्या शब्दाला विशेष वजन आहे, शिवाय वनहक्क कायदा, २००६ मुळे सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा अधिकारही तिला मिळतो. म्हणून परवानगी एकट्या सांगणाऱ्याची न घेता ग्रामसभेचीही घ्यावी.

लिहिलेले सारे सांगणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवावे, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावे आणि एक प्रत गावात ठेवावी. हे वाचन आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत ठेवू नका. दिवाळीनंतर तर अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला गेलेली असतात. शिमग्याला बहुतेक जण गावी परततात, तेव्हा जावे.