कोर्टाने नेमलेला वकील आजीचा ‘पालक’ कसा?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: घरच्या वाटपाच्या दाव्यात त्यांची ८१ वर्षांची आजी प्रतिवादी आहे. तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, म्हणून कोर्टाने तिच्यासाठी एक वकील नेमला. आदेशात त्याला ‘पालक’ म्हटलंय, कोर्टात सगळे ‘कोर्ट गार्डियन’ म्हणतात, आणि वाडीत ‘राखणदार’ म्हणतात. यातला बरोबर शब्द कुठला? आजीला पालक, हे ऐकूनच त्यांना कसंतरी होतं.

तसं होणं साहजिक आहे. ‘पाल्’ या संस्कृत धातूचा अर्थ राखणं, सांभाळणं. पण आज मराठीत पालक म्हटलं की डोळ्यांसमोर शाळेची पालक सभा येते, आणि ज्याला पालक आहे तो आपोआप पोर ठरतो. कायद्यातही हा शब्द पोरांच्याच वाटेने आला. आपल्याकडचा कुठलाही जुना सातबारा काढा; पंधरा-वीस नावांच्या गर्दीत एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि मग आईचं नाव दिसेल. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा १८ वर्षांचा झाला की सज्ञान होतो, फेरफार करून ती अक्षरं काढता येतात. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधला ३२वा आदेशही (इथे आदेश म्हणजे संहितेतलं प्रकरण, कोर्टाचा हुकूम नव्हे) मुळात अज्ञानांसाठीच बेतलेला आहे. त्याचा १५वा नियम तीच व्यवस्था मनोविकल मोठ्या माणसांना लावतो. म्हणून मुलांसाठी शिवलेला शब्द आजीच्या अंगावर आला.

राखणदार हा मला फार प्रिय शब्द. गावाच्या सीमेवरचा राखणदार आपण मानतो, त्याला नारळ ठेवतो. आंब्याच्या दिवसांत बागेतही राखणदार असतो. पण तो राखतो हद्द आणि माल. आंब्याच्या झाडाला काय वाटतं हे त्याने विचारायचं नसतं. आजीला मात्र विचारायचं असतं, म्हणून हा शब्द इथे नको.

मग कुणी म्हणेल, मुंबईच्या काकांकडे आजीचं कुलमुखत्यारपत्र आहे, तेच बघतील. मुखत्यार हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ ‘निवडलेला’. निवडणारी आजी शुद्धीत असेपर्यंतच त्याला जीव. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारा मनोविकल झाला की ते अधिकार संपतात. चाकरमान्यांच्या कितीतरी घरांत हे माहीत नसतं आणि जुन्या कागदावर सह्या होत राहतात. शिवाय काका त्याच दाव्यात हिस्सा मागत असतील तर त्यांना पालक नेमताच येत नाही. ज्याचा हितसंबंध उलटा जातो त्याला ३२वा आदेश बाजूला ठेवतो. त्यामुळेच बाहेरचा वकील येतो.

‘वकील’ही अरबीच: ज्याच्यावर काम सोपवलं तो. पेशवाईत परदरबारी राहून धन्याचं म्हणणं मांडणारा तो वकील. म्हणजे वकील दुसऱ्याची इच्छा बोलतो आणि पालक दुसऱ्याचं हित बघतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वृद्धांच्या पालकत्वाच्या प्रकरणात या दोन कामांना दोन वेगळी माणसं नेमता येतात. आपल्याकडच्या दाव्यात बहुधा एकाच माणसाला दोन्ही सांभाळावं लागतं, आणि माझ्या मते शब्दाचा सगळा गोंधळ इथेच आहे.

माझ्या मावशीच्या दाव्यात नेमलेले वकील घरी आले होते. मावशी खळ्यात कुळीथ निवडत बसलेली. तिने त्यांना स्वतःच्या भावाच्या नावाने हाक मारली. त्यांनी ती दुरुस्त केली नाही, शेजारी बसून कुळीथ निवडायला लागले. तासाभरात घराचा विषय तीनदा काढला, तीन तऱ्हांनी. तिन्ही वेळा तिचं उत्तर एकच: ‘माका हयच रवचा आसा,’ मला इथेच राहायचंय. त्यांनी अहवालात हे वाक्य मालवणीतच, जसंच्या तसं लिहिलं आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात, तिच्या औषधपाण्यासाठी काय हवं ते स्वतःचं मत म्हणून दिलं.

तर माझं उत्तर: ‘दाव्यापुरता पालक’ म्हणा. ‘पुरता’ गाळू नका, कारण आजीचं औषध, तिचा बँकेतला पैसा, ती कुठे राहणार, यांचा अधिकार त्या नेमणुकीतून येत नाही. दाव्यातली तडजोडसुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय तो करू शकत नाही. आजीच्या वतीने दावा लावणारा असेल तर ‘वादमित्र’. ‘न्यायमित्र’ वेगळा, तो कोर्टाला मदत करतो, पक्षकाराचा नसतो. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ‘मर्यादित पालकत्व’ ही आणखी निराळी गोष्ट: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या माणसाच्या इच्छेला धरून चालणारं. कायद्याच्या भाषेत ‘इच्छा’ हा शब्द पालकत्वाच्या इतका जवळ आलेला बघून मला मनापासून बरं वाटलं.

बोलताना आजीसमोर ‘पालक’ म्हणायची गरजच नाही. ‘कोर्टातून तुझं म्हणणं ऐकायला आलेत’ असं सांगा, आणि वकीलसाहेब येतील तेव्हा तिच्याजवळ त्यांच्यासाठी एक पाट ठेवा.